एकत्र नाचलं की माणसं दयाळू होतात? एका दाव्याची तपासणी

१३ नोव्हेंबर हा जागतिक दयाळूपणा दिन. १९९८ पासून तो पाळला जातो. त्या सुमारास जगातल्या बऱ्याच शहरांत एक दृश्य दिसतं. भर चौकात काही माणसं अचानक पुतळ्यासारखी थबकतात. येणारे-जाणारे बघत राहतात. मग गाणं सुरू होतं आणि थबकलेली सगळी माणसं एकाच स्टेप्सवर नाचायला लागतात. अमेरिकेतल्या ‘लाइफ व्हेस्ट इनसाइड’ या संस्थेनं २०१२ मध्ये सुरू केलेला हा ‘डान्स फॉर काइंडनेस’. शहरोशहरी स्थानिक स्वयंसेवक तो उभा करतात. माणसं गोळा करायची, स्टेप्स शिकवायच्या, जागा ठरवायची, सगळं त्यांच्याच अंगावर. हेतू एकच, की बघणाऱ्यांपर्यंत दयाळूपणाचा संदेश जावा.

उपक्रमाला माझा अजिबात विरोध नाही. या पोस्टचा विषय आहे अशा उपक्रमांच्या पाठीशी उभं केलं जाणारं एक वाक्य: ‘एकत्र नाचल्याने दयाळूपणा वाढतो, हे संशोधनानं सिद्ध झालंय.’

हे वाक्य तुमच्या कामाचं आहे, कारण ते उद्या तुमच्या सिनॉप्सिसमध्ये येऊ शकतं. मानसशास्त्र, समाजकार्य, शारीरिक शिक्षण, नाट्य-नृत्य, कुठल्याही विभागात ‘समूहनृत्याचा विद्यार्थ्यांच्या परोपकारी वृत्तीवर होणारा परिणाम’ असं शीर्षक सहज मंजूर होण्यासारखं आहे. शीर्षक मंजूर झालं की पुढची चार-पाच वर्षं त्याच्यामागे जातात. म्हणून ते मंजूर व्हायच्या आधीच त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेनं बघायला हवं. तेच आपण इथे करू.

आधी दावा सुटा करा

कुठलाही दावा तपासायचा तर आधी त्याचे तुकडे करायचे. ‘एकत्र नाचल्याने दयाळूपणा वाढतो’ या चार शब्दांत तीन प्रश्न लपलेले आहेत. दयाळूपणा कोणाचा वाढतो, नाचणाऱ्याचा की बघणाऱ्याचा? तो कोणाशी वाढतो? आणि कशाच्या तुलनेत वाढतो?

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्या भाषेत एक सोय आहे. इंग्रजीत ‘काइंडनेस’ या एका शब्दात सगळं कोंबतात. आपल्याकडे ‘आपुलकी’ आणि ‘माणुसकी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आपुलकी वाटते ती आपल्या माणसांबद्दल. माणुसकी दाखवतो ती कोणालाही, त्याच्याशी काही नातं नसताना. चौकात नाचणाऱ्या स्वयंसेवकांना जी वाढवायची आहे ती माणुसकी. आता पेपर्समध्ये काय मोजलंय ते पाहू.

पुरावा आहे, आणि तो बऱ्यापैकी आहे

आधी दाव्याची बाजू. इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी १९९५ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं की कवायत आणि नाच यांत एका तालावर शरीर हलवल्याने माणसं एकमेकांना बांधली जातात. ते स्वतः सैन्यात कवायत करून आलेले होते, ही कल्पना त्यांना तिथूनच सुचली. पण ते झालं इतिहासाचं निरीक्षण. प्रयोग नंतर आले.

२००९ मध्ये स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये तीन प्रयोग छापले. पहिल्यात तिघातिघांच्या गटांना कॅम्पसवर चालायला सांगितलं. काही गटांनी पावलाला पाऊल मिळवून चालायचं, बाकीच्यांनी नेहमीसारखं. नंतर सगळ्यांना सहकार्याचा एक खेळ दिला. पावलं मिळवून चाललेल्यांनी जास्त सहकार्य केलं. पुढच्या प्रयोगांत एका तालात गाणं आणि पेले हलवणं होतं, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली: हा परिणाम दिसायला मन आनंदी व्हावंच लागतं असं नाही.

२०१० मध्ये किर्शनर आणि टोमासेलो यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांवर काम केलं. काही जोड्यांनी गाणं-वाजवणं-हलणं असलेला खेळ खेळला, काहींनी तसाच खेळ संगीताशिवाय. मग एका मुलाच्या हातातल्या नळीतून गोट्या सांडतील अशी व्यवस्था केली. संगीताच्या खेळातली मुलं जोडीदाराला जास्त मदत करत होती.

आणि थेट नाचावरचा अभ्यास म्हणजे ब्रॉनविन टार, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा, ‘बायॉलॉजी लेटर्स’मधला. ब्राझीलमधले २६४ शाळकरी विद्यार्थी. रचना दोन गुणिले दोन. एका बाजूला श्रम जास्त की कमी, दुसऱ्या बाजूला सगळ्यांच्या हालचाली एकसारख्या की वेगवेगळ्या. निष्कर्ष असा, की श्रम आणि एकतालता या दोन्हींनी स्वतंत्रपणे वेदना सहन करायची क्षमता वाढली आणि गटातली जवळीकही वाढली.

ही रचना शिकण्यासारखी आहे. ‘नाचल्याने बरं वाटलं’ यात घाम गाळल्याचा वाटा किती आणि ताल जुळल्याचा किती, हे साध्या आधी-नंतर तुलनेत कधीच कळत नाही. इथे ते वेगळं काढलंय. तुमच्या मनात ‘प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, एक गट’ अशी रचना असेल, तर ती पक्की करण्याआधी हा पेपर एकदा वाचा.

२०१६ आणि २०१७ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र घेऊन दोन मेटा-अ‍ॅनालिसिस झाले. सरासरी परिणाम दोन्हींत सकारात्मक निघाला. म्हणजे दावा हवेत नाही.

मग अडचण कुठे आहे?

टार यांच्या पेपरचा सारांश नीट वाचा. मोजलंय काय? एक, वेदना सहन करायची मर्यादा, म्हणजे एंडॉर्फिनचं अप्रत्यक्ष मोजमाप. दोन, *आपल्या गटाशी* असलेली जवळीक. लेखकांनी शब्द जपून वापरलेत. एकतालात दमून नाचणं हा गट बांधायचा प्रभावी मार्ग असू शकतो, इतकंच ते म्हणतात. ‘माणसं दयाळू होतात’ असं ते म्हणत नाहीत. ते वाक्य नंतर बातम्यांनी, भाषणांनी आणि आपल्यासारख्यांच्या प्रस्तावनांनी जोडलंय.

म्हणजे मोजली गेली ती आपुलकी. पुढे खपवली गेली माणुसकी.

हा फरक किरकोळ नाही, हे बाळांवरच्या एका प्रयोगमालिकेतून दिसतं. लॉरा सिरेली, लॉरेल ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चौदा महिन्यांच्या बाळांना गाण्याच्या तालावर हलकेच उडवलं. समोरची बाई काही बाळांसोबत तालात हलत होती, काहींसोबत बेताल. नंतर तिच्या हातून वस्तू ‘चुकून’ पडायच्या. तालात हललेली बाळं त्या उचलून द्यायला जास्त पुढे सरसावली. इथपर्यंत छान. मग त्यांनी विचारलं, ही मदत सगळ्यांसाठी वाढली की फक्त त्या बाईसाठी? तालात सामील नसलेली तिसरी व्यक्ती आणून बघितली. तिच्या बाबतीत मदत वाढली नव्हती. बाळांसाठी ताल जुळणं ही ‘ही व्यक्ती आपली आहे’ याची खूण होती.

आता उलट पुरावा, कारण तो लपवणं हे आपलं काम नाही. रेडिश, बुल्बुलिया आणि फिशर यांनी २०१४ मध्ये हाच प्रश्न मोठ्या माणसांबाबत विचारला. त्यांना परिणाम गटाबाहेरच्यांपर्यंतही पोचताना दिसला. म्हणजे ‘परिणाम बाहेर जातच नाही’ असंही म्हणता येत नाही. प्रश्न अजून खुला आहे. आणि खुल्या प्रश्नावर ‘सिद्ध झालंय’ असं लिहिलं की व्हायवात कोणी ना कोणी तिथेच बोट ठेवणार.

एकतालतेचा आणखी एक चेहरा आहे, तो दयाळूपणाच्या भाषणांत येत नाही. त्याच विल्टरमथ यांनी २०१२ मध्ये दाखवलं की प्रयोगकर्त्याच्या पावलाला पाऊल मिळवून चाललेल्या माणसांनी त्याच्या सांगण्यावरून जास्त किडे मारले. त्यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या कामाचा रोखही असाच होता: सोबत हललेल्यांनी दुसऱ्याला त्रास द्यायला सांगितलं, तर माणसं ते जास्त ऐकतात. ताल माणसांना जोडतो, पण जोडल्यावर कुठे न्यायचं हे ताल ठरवत नाही. कवायत सैन्यातही होते आणि शाळेतही, हे मॅकनील यांनाही माहीत होतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर गणपतीतलं ढोल-ताशा पथक घ्या. महिनाभर रोज संध्याकाळी सराव केलेल्या पथकातली मुलं एकमेकांसाठी रात्री-अपरात्री धावून जातात. ही आपुलकी खरी आहे. पण त्याच मिरवणुकीत पुढचं पथक हलत नाही म्हणून मागच्या पथकाचा पारा चढतो, तेव्हा तोच ताल दोघांच्या मध्ये भिंत होऊन उभा असतो. हा काही प्रयोग नाही, नुसतं निरीक्षण आहे. पण गृहीतक इथूनच सुचतं.

बघणारा माणूस डेटात कुठे आहे?

आता मला सगळ्यात मोठी वाटणारी त्रुटी. वर सांगितलेल्या सगळ्या प्रयोगांत मोजमाप कोणाचं घेतलं? जे चालले, गायले, नाचले, ज्यांना हलवलं, त्यांचं. स्वयंसेवकांचा नाच मात्र कोणासाठी असतो? फुटपाथवर थांबून मोबाइल वर धरणाऱ्यासाठी. पुरावा नाचणाऱ्यांचा आहे आणि दावा बघणाऱ्यांबद्दल केला जातो. हे दोन वेगळे लोकसमूह आहेत, आणि मध्ये पूल नाही.

बघणाऱ्यांबद्दल संशोधन आहे, पण ते वेगळ्या दालनात आहे. दुसऱ्याचं चांगलं कृत्य बघून मन भरून येतं, गलबलतं, या अनुभवाला जोनाथन हाइट यांनी ‘एलेव्हेशन’ असं नाव दिलं. २०१० मध्ये सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांनी लोकांना व्हिडिओ दाखवले: काहींना मन भरून येईल असा, काहींना साधा, काहींना विनोदी. नंतर एक कंटाळवाणं काम करून मदत कराल का, असं विचारलं. मन भरून आलेल्यांनी बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ दिला.

इथे विनोदी व्हिडिओचा गट लक्षात ठेवा. हे लोकही खूश होते, हसत होते, पण त्यांची मदत वाढली नाही. म्हणजे नुसतं छान वाटून पुरत नाही, समोर चांगलं *कृत्य* दिसावं लागतं. मग सांगा, चौकातला फ्लॅश मॉब बघणाऱ्याला काय दिसतं? कोणी कोणाला मदत करताना दिसतं का? बहुतेक वेळा दिसतो तो एक मजेदार, अनपेक्षित नाच. माझ्या मते तो विनोदी व्हिडिओच्या जास्त जवळ आहे. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. पण ‘बघणाऱ्यांवर परिणाम होतो’ असं म्हणणाऱ्याला या गृहीतकाला उत्तर द्यावं लागेल.

वरून गर्दीचा प्रश्न आहेच. डार्ली आणि लाटाने यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की आजूबाजूला इतरही हजर आहेत असं वाटलं की एकेक माणूस मदतीला कमी पुढे येतो. ‘कोणीतरी बघेल की!’ नाचामुळे गर्दी जमते. तेव्हा नाच संपल्या संपल्या तिथेच मदतीचं मोजमाप केलं, तर नाचाचा परिणाम आणि गर्दीचा परिणाम एकमेकांत मिसळणार. एकाने वाढवलेलं दुसऱ्याने खाल्लं, तर आकडा शून्य येईल आणि तुम्हाला कारणही कळणार नाही.

अपेक्षेचा घोळ

अजून एक पेपर नक्की वाचा: अ‍ॅटवुड, शाख्नर आणि मेहर, २०२२, ‘ओपन माइंड’. त्यांनी एक साधी पण बोचरी गोष्ट केली. एकतालतेचे प्रयोग सामान्य लोकांना नुसते वर्णन करून सांगितले आणि विचारलं, काय होईल असं वाटतं? लोकांचे अंदाज प्रत्यक्ष संशोधनातल्या निकालांशी जुळणारे निघाले. म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याला ‘इथे जवळीक वाटायला हवी’ हे आधीच उमगत असणार. मग प्रश्नावलीत आलेलं उत्तर तालाचं की अपेक्षेचं?

आता हेच चौकात नेऊन बघा. पाठीवर ‘दयाळूपणा’ असं छापलेला टी-शर्ट घालून नाचलेल्या माणसाच्या हातात तुम्ही पाच मिनिटांत फॉर्म दिलात: ‘तुम्हाला इतरांना मदत करावीशी वाटते का?’ तो ‘नाही’ म्हणेल? शिवाय रविवारी सकाळी उठून दयाळूपणासाठी नाचायला आलेला माणूस मुळात कसा असणार? निवड आधीच झालेली आहे. अशा फॉर्मवरचं ९० टक्के ‘हो’ हे नाचाबद्दल काहीही सांगत नाही. सिनॉप्सिसमध्ये लिकर्ट स्केलवरची परोपकार-प्रश्नावली टाकणं सोपं असतं, म्हणून सगळे तीच टाकतात. इथे ती सगळ्यात कमकुवत कडी आहे.

मग विषय सोडायचा का?

नाही. विषय सोडायचा नाही, प्रश्न बदलायचा. मी असा अभ्यास आखला तर असा आखेन:

१. प्रश्न बघणाऱ्याबद्दल ठेवेन. ‘नाच बघितलेला वाटसरू अनोळखी माणसाला मदत करण्याची शक्यता बदलते का?’

२. मोजमाप कृतीचं, मताचं नाही. रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जगातल्या २३ शहरांत, कोलकात्यासह, अगदी साध्या युक्त्या वापरल्या होत्या: चालताना पेन पाडायचं आणि कोणी हाक मारतं का बघायचं. फॉर्म नाही, मुलाखत नाही.

३. मोजमापाची जागा नाचाच्या ठिकाणापासून इतकी लांब, की तिथे गर्दी नेहमीइतकीच असेल.

४. तुलनेचे गट चार: नाच आणि बघणाऱ्याला आत यायचं आमंत्रण, फक्त नाच, नाचाशिवाय तेच गाणं, आणि काहीच नसलेली वेळ. कुठल्या वेळी काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

५. पेन पाडणाऱ्याला आणि नोंद घेणाऱ्याला आज कुठला गट आहे हे माहीत नसेल.

६. लोकांना न सांगता त्यांचं वागणं नोंदवणार, म्हणून एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. नंतर नाही.

यातला पहिला आणि दुसरा गट सगळ्यात महत्त्वाचे. संशोधन सांगतं की जो तालात सामील होतो तो जोडला जातो. मग बघ्याला बघ्याच ठेवून काय साधणार? वारीत रिंगण झाल्यावर फुगड्या सुरू होतात, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या माणसाचाही हात धरून त्याला ओढतात. त्याला स्टेप्स येत नसतात, आणि यायची गरजही नसते. स्वयंसेवकांचा महिनाभर बसवलेला, सफाईदार, कॅमेऱ्यात छान दिसणारा नाच नेमकी इथे अडचण करतो. तो जितका घोटून बसवलेला, तितकं बाहेरच्याला आत शिरणं अवघड. साधा नाच आणि उघडं रिंगण यांतून जास्त काही घडेल असं मला वाटतं. वरचा अभ्यास कोणी केला तर मी चूक की बरोबर ते कळेलही.

आणि समजा निकाल शून्य आला. बघणाऱ्यांवर काहीही परिणाम नाही, असं निघालं. तरी स्वयंसेवकांचं काम वाया गेलं असं होत नाही. अनोळखी माणसं एकत्र आली, घाम गाळला, त्यांच्यात आपुलकी तयार झाली, याला पुरावा आहेच. एकटेपणा वाढलेल्या शहरात ही काही छोटी गोष्ट नाही. फक्त ती गोष्ट तिच्याच नावाने सांगावी. ‘आमच्या गटातले लोक एकमेकांच्या जवळ आले’ हे खरं वाक्य आहे. ‘आम्ही शहर दयाळू केलं’ हे अजून कोणी मोजलेलं नाही. देणगीदार, कॉलेज किंवा महापालिका दुसऱ्या वाक्याच्या भरवशावर पैसे आणि माणसं देणार असेल, तर हा फरक आधी सांगणं हीसुद्धा संशोधकाचीच जबाबदारी.

पुढच्या वेळी ‘अमुक केल्याने तमुक वाढतं’ असा पेपर किंवा बातमी हातात आली की वहीत तीन ओळी लिहा: मोजलं कोणाला, वाढलं कोणाशी, तुलना कशाशी. मग पेपरचा सारांश आणि बातमीचं शीर्षक शेजारी-शेजारी ठेवा. या दोन्हींत जो शब्द बदललेला दिसेल, त्याच्याखाली रेघ मारा. बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडतो.